कुंडीतले वय

निवडुंग आणि रसाळ वनस्पती वाढवणे हा वरवर पाहता कुणालाच उपद्रव न देणारा छंद. पाणी बेताचे, जागा थोडी, आणि एक फुटवा लावला की नवे रोप तयार. तरीही 2015 साली निवडुंग कुळातील सुमारे दीड हजार जातींची जागतिक पाहणी प्रसिद्ध झाली, तेव्हा 31 टक्के जाती धोक्यात असल्याचे दिसले आणि त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या मुळावर शोभेच्या रोपांचा आणि बियांचा व्यापार आला होता. जे कुंडीत बियांपासून वाढते, ते रानातून उपटावेसे का वाटते? या प्रश्नाला भिडल्याशिवाय या व्यापारावरचा कोणताही उपाय अपुराच राहील.

चिलीतील कोपियापोआ या निवडुंगात याचे उत्तर सापडते. अटाकामा वाळवंटाच्या किनारपट्टीवर पाऊस जवळजवळ नसतोच. समुद्रावरून येणाऱ्या धुक्यावर ही झाडे तगतात आणि अतिशय सावकाश वाढतात. काही जातींच्या अंगावर राखेसारखा पांढुरका मेणचट थर चढतो. त्यांचेच बी काचगृहात रुजवले तर रोप लवकर फुगते, हिरवेगार दिसते. उन्हाने आणि टंचाईने घडलेले ते रूप त्याला येत नाही. संग्राहक पैसे मोजतो ते या रूपासाठी, म्हणजे रोपवाटिकेला जे देता येत नाही त्या वयासाठी. फेब्रुवारी 2020 मध्ये इटलीच्या पोलिसांनी चिलीतून चोरून आणलेले हजाराहून अधिक निवडुंग जप्त केले. पुढच्या वर्षी त्यांतले 844 चिलीला परत गेले. पण प्रत्येक झाड नेमक्या कुठल्या उतारावरचे, हे ठाऊक नसेल तर ते पुन्हा रानात लावणे अवघड असते. 2013 साली कोपियापोआच्या 55 टक्के जाती धोक्यात होत्या. 2024 मध्ये हे प्रमाण 82 टक्क्यांवर गेले. त्यात रस्ते, वस्ती आणि बदलते हवामान यांचाही वाटा आहे, पण चोरट्या व्यापाराचा वाटा मोठा आहे.

यावर सांगितले जाते की रोपवाटिकांत भरपूर रोपे करा, चोरी आपोआप थांबेल. हे अर्धेच खरे आहे. सह्याद्रीच्या कड्यांवरची आपली शिंदळमाकुडी ही रसाळ वनस्पती फांदी लावून सहज वाढते आणि जगभरच्या संग्रहांत पोहोचली आहे. त्यामुळे केवळ जात हवी असणाऱ्याला कड्याकडे जाण्याचे कारण उरत नाही. पण एका झाडाच्या फांद्यांपासून केलेली शंभर रोपे वंशाने एकच झाड असतात; कड्यावरच्या निरनिराळ्या झाडांमधले वैविध्य त्यांत येत नाही. शिवाय ज्याला रानातले वयच हवे आहे, त्याची भूक अशा रोपांनी भागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. खाणी आणि रस्ते अधिवास संपवतच आहेत, मग संग्राहकाने झाडे उचलून वाचवली तर बिघडले काय? परवानगीने, जागेची नोंद ठेवून, वनस्पती उद्यानाच्या हाती सोपवलेले झाड खरोखर वाचवलेले असते. चोराला मात्र जागा लपवावीच लागते, कारण ती जागा हाच गुन्ह्याचा पुरावा. ती नोंद गेली की वाचवल्याच्या दाव्यातही अर्थ राहत नाही. एखाद्याच टेकडीवर उगवणारी जात तर दोन-चार खेपांत संपू शकते.

निवडुंग कुळातील बहुतेक सर्व जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार 1975 पासून साइट्स या धोक्यातील वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या कक्षेत आहे. कायदा हवाच, पण तो सीमेवर उभा असतो, तर मागणी घराच्या सज्जात जन्मते. म्हणून बदलायला हवी ती आपली आवड. प्रदर्शनांतली बक्षिसे स्वतः बियांपासून वाढवलेल्या झाडांना मिळावीत. काचगृहातले हिरवे, कोवळे कोपियापोआ कमी प्रतीचे मानू नये. आणि विकत घेताना प्रत्येकाने एवढे तरी विचारावे: हे कुठे, कशापासून वाढवले? विक्रेत्याला सांगता आले नाही, तर ते झाड घेऊ नये.