फेअर

‘फेअर’ हा इंग्रजी शब्द आपल्या घरात परका राहिलेला नाही. मुलांच्या दप्तरात कच्च्या वहीशेजारी फेअर वही असते. परीक्षकाच्या शेऱ्यात ‘गुड’च्या खालच्या पायरीवर ‘फेअर’ बसलेला असतो. ‘वधू पाहिजे’च्या जाहिरातीत मुलगी फेअर हवी असते. आणि दिवाळीच्या फराळावरून जुंपली की धाकटा हटकून ओरडतो, ‘हे फेअर नाही!’

कोशात शिरावे तर ह्या शब्दाचे कूळ एक नाही असे आढळते. जत्रा ह्या अर्थाचा फेअर हा लॅटिन ‘फेरिया’पासून, म्हणजे सणासुदीच्या सुटीपासून निघाला आणि फ्रेंचमार्गे इंग्लंडात उतरला. सण आला की माणसे जमणार, माणसे जमली की दुकाने लागणार. त्याच फेरियाचे पोर्तुगीज रूप ‘फेइरा’ गोव्यात आले, आणि तिथे चर्चच्या फेस्ताला भरणाऱ्या बाजाराला लोक फेरी म्हणतात. पोर्तुगीजांचा सोमवार म्हणजे ‘सेगुंदा फेइरा’. सोमवार ते शुक्रवार, पाचही कामाच्या दिवसांच्या नावात सुटी दडलेली! मास्तरांनी वेड्यासारखे हसावे अशीच ही मौज आहे. बसचे भाडे ह्या अर्थाचा फेअर तिसऱ्याच घराण्यातला, प्रवास करणे ह्या जुन्या इंग्रजी क्रियापदापासून आलेला. इंग्रजीत त्याचे स्पेलिंग वेगळे. देवनागरीत मात्र सारे एका पंक्तीला.

खरा पेच उरलेल्या घराण्याचा. जुन्या इंग्रजीत ह्या शब्दाचा अर्थ होता सुंदर, डोळ्यांना सुखावणारे. ज्यावर डाग नाही ते सुंदर. म्हणून निरभ्र हवा फेअर, खाडाखोड नसलेली प्रत फेअर. पुढे चौदाव्या शतकात मनात पक्षपाताचा डाग नसलेला माणूसही फेअर झाला. इथवरचा प्रवास कोणालाही आवडावा. पण गोरी कातडी हा अर्थही त्यालाच येऊन चिकटला. सुंदर, न्यायी आणि गोरा, तिघांना एकच नाव!

ह्यात काय बिघडले, असे कोणी म्हणेल. आठवीच्या वर्गात मी ह्या शब्दावर वाक्ये करायला सांगतो, तेव्हा बहुतेक वह्यांत कोणाची तरी आई किंवा बहीण फेअर असते. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका सावळ्या मुलीने विचारले, ‘सर, मग अन्‌फेअर म्हणजे काळा का?’ वर्ग हसला. ती हसली नाही. मी फळ्यावर ‘अन्यायाचे’ असा अर्थ लिहिला. तिने तो निमूटपणे उतरून घेतला.

सारा दोष इंग्रजांच्या माथी मारणेही रास्त नव्हे. बाजार काळा, पैसा काळा, कोणी लाज सोडली तर त्याने तोंड काळे केले. ह्या आपल्याच मायमराठीच्या तऱ्हा. पंढरीचा देव सावळा, त्याचे रूप पाहून डोळे निवतात असे सांगणारी माणसेच घरी स्थळ आले की पहिला प्रश्न विचारतात, ‘मुलगी गोरी आहे ना?’

पण ‘रास्त’ हा शब्द मला ह्या बाबतीत फार सभ्य वाटतो. तो फारसीतून आला, आणि त्याचा मूळ अर्थ सरळ, खरे. त्यात रूप नाही, रंग नाही. रेशनच्या ‘फेअर प्राइस शॉप’ला आपण ‘रास्त भाव दुकान’ म्हटले. इंग्रजी पाट्यांचे मराठीकरण पुष्कळदा ओबडधोबड होते, हे मात्र मुळापेक्षा सरस उतरले.

अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी १९५८ साली न्याय म्हणजे फेअरनेस, असे प्रतिपादन करणारा निबंध लिहिला आणि १९७१ साली त्यावर मोठा ग्रंथ रचला. त्यांचे म्हणणे ढोबळमानाने असे, की समाजाचे नियम ठरवताना आपण स्वतः कोणाच्या पोटी, कोणत्या वर्णाचे, किती हुशार निपजणार हे ठाऊकच नाही असे धरून चालावे. आपल्या आयांना ह्यातले निम्मे ग्रंथ न वाचताच कळते: करंजीचे दोन तुकडे जो करील, त्याने मागाहून उचलायचा. मग सुरी कशी नीट मध्यावर पडते! ‘वधू पाहिजे’ची जाहिरात लिहिणाऱ्याने एकदा असे धरावे, की पुढच्या जन्मी आपणच मुलगी होऊन तिच्यासमोर उभे राहणार आहोत, आणि रंग अजून ठरायचा आहे. किती विशेषणे शिल्लक राहतील?

१९७५ साली आपल्याकडे आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ ह्या मलमाने २०२० साली आपल्या नावातला ‘फेअर’ काढून टाकला आणि ‘ग्लो’ घातला. ‘लव्हली’ तेवढे जागच्या जागी राहिले.