शेतकी खात्याची जीप

जीपला नवा रंग द्यायचा की नाही, हा प्रश्न पैशाचा आहे असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत आलो. पैशाचा प्रश्न सोयीचा असतो. परवडत नाही म्हटलं की विषय संपतो आणि आत डोकावावं लागत नाही. पण मिस्त्रीनं सांगितलेली रक्कम जुळवाजुळव करून उभी राहील हे दिसल्यावरही माझं हो-नाही ठरेना. म्हणजे अडचण दुसरीकडेच होती. हा रंग मला नक्की कुणाला दाखवायचा आहे?

गाडी महिंद्राची एमएम ५४०. हे मॉडेल १९८५ मध्ये आलं. माझी नव्वदच्या दशकातली. प्यूजोचं डिझेल इंजिन, नुसता पत्रा, वर कापडी हूड आणि गिअरच्या बाजूला फोर-व्हीलचा आखूड दांडा. रंग पांढरा. मूळची आमच्या भागातल्या एका साखर कारखान्याची, शेतकी खात्याला दिलेली. लिलावात एकानं घेतली, त्याच्याकडून ती माझ्याकडे आली. दारावरचं कारखान्याचं नाव त्यानं थिनरनं पुसून टाकलं होतं. पण त्या अक्षरांखालच्या रंगाला इतकी वर्षं ऊन लागलेलं नव्हतं. त्यामुळे सकाळच्या तिरप्या उन्हात ते नाव अजूनही वाचता येतं.

कऱ्हाडच्या पुढे उसाचा पट्टा सुरू झाला की या नावाचं आणि या पांढऱ्या रंगाचं वजन कळतं. गळीत हंगामात ज्याचा ऊस वेळेत तुटत नाही त्याची झोप उडालेली असते. तुरा आलेला, वाळत चाललेला ऊस रोज वजनात घटतो, पुढचं पीक लांबतं. अशा माणसाला लांबून पांढरी जीप दिसली की तो बांधावरून उतरून रस्त्यात येतो. “साहेब, आमची टोळी कधी येणार?” मी कारखान्याचा नाही, हे मी प्रत्येकाला सांगतो. पण ते सांगायला मी जरा वेळ घेतो. आधी गाडी थांबवतो, काच नसलेल्या दारातून कोपर बाहेर काढतो, त्याचं ऐकून घेतो, मग सांगतो. त्या मधल्या वेळात समोरचा माणूस ज्या नजरेनं बघतो ती मला आवडते. ट्रॅक्टरवाला दोन ट्रॉल्या कडेला दाबून वाट देतो, तेही आवडतं. गेटवरचा वॉचमन न विचारता दांडा उचलतो तेव्हा मी मान हलवतो, आणि ती मान शेतकी ऑफिसर हलवतो तशीच हलते. हे माझं मलाच दिसलेलं आहे. कधी कुणाला खोटं सांगून काही मिळवलं नाही, एवढं म्हणता येईल. पण गाडीचा रंग माझ्या वतीनं खोटं बोलत होता आणि मी त्याला बोलू देत होतो.

रंग बदलायची इच्छा मात्र या लाजेतून आली नाही. तसं लिहिलं असतं तर शोभलं असतं. ती आली २०२० मध्ये महिंद्राची नवी थार बाजारात आल्यावर. चौकात ती उभी राहिली की पोरं मोबाइल काढतात. माझी गाडी त्याच घराण्यातली, वयानं थोरली, चढाला अजून दमदार. तरी तिच्याकडे कुणी बघत नाही. बघितलंच तर ‘कारखान्याची जीप’ म्हणून. मला हेवा वाटला. रंगाचा सगळा विचार त्या हेव्यावर उगवला आहे.

आधी लष्करी हिरवा मनात आला. जीप म्हटलं की तोच येतो. पण केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२१ क्रमांकाचा नियम सांगतो की ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या वाहनांनाच. इतर कुणी तो लावायचा नाही. विषय तिथे मिटला. मग मी स्वतःला विचारलं, नियम नसता तर लावला असता का? हो, लावला असता. सातारा जिल्ह्यात फौजेत माणूस नाही असं गाव सापडणं अवघड. आमच्या घरातून मात्र कुणी गेलं नाही. तरी तो रंग अंगावर घेऊन मी रहिमतपूरच्या बाजारातून हिंडलो असतो आणि निवृत्त सुभेदाराच्या नमस्काराला नमस्कार केला असता. कायद्यानं अडवलं म्हणून वाचलो, यात माझं श्रेय नाही.

मग वाळवंटी रंग. जाहिरातीत टेकाडावर उभी असलेली गाडी असते तसा. हा कायद्यात बसतो. पण मी ऑफ-रोडिंग म्हणजे काय करतो? शेताकडे जाणारी पाणंद पावसाळ्यात चिखलानं भरते, तेव्हा फोर-व्हीलचा दांडा ओढतो. खताची पोती, पंपाची मोटर, कधी आजारी म्हैस बघायला निघालेला डॉक्टर. झाला माझा साहसी प्रवास. गाडी घेऊन सड्यांवर, म्हणजे कातळी पठारांवर, जायचा मोह एकदा दोनदा झाला होता, पण कासचं पठार आणि भोवतालचे सडे बघितलेल्या माणसाला तिथे चाक घालवत नाही. कातळावर मातीचा जेमतेम पातळ थर असतो, त्यात वर्षाचे काही आठवडे फुलणारी झाडं. एका चाकोरीत ती कायमची जातात. पश्चिम घाटाचे जे भाग २०१२ मध्ये जागतिक वारसा म्हणून नोंदले गेले त्यांत कास आहे. वाळवंटी रंग लावून मी तिथे गेलो असतो तर गुन्हा, आणि न जाता नुसताच रंग लावला असता तर सोंग.

या गाडीच्या पूर्वजांचा इतिहास इथे आठवतो, आणि तो मला थोडा खजील करतो. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून सहा लाखांवर जीपगाड्या केल्या, सगळ्या लष्करी रंगाच्या. १९४५ मध्ये युद्ध संपत आलं तशी विलीजला ही गाडी शेतकऱ्याला विकायची होती. सीजे-२ए हे मुलकी मॉडेल काढलं तेव्हा सुरुवातीचे रंग दोनच होते, एक कुरणाचा हिरवा आणि एक पिकल्या शेताचा फिकट तपकिरी. मागे नांगर जोडता येईल, पट्टा लावून यंत्र फिरवता येईल, अशी ती गाडी होती. कामच बदललं, म्हणून रंग बदलला. इंग्लंडात १९४८ मध्ये लँड रोव्हर आली ती ॲल्युमिनियमच्या अंगाची, कारण पोलाद रेशनवर होतं. तिचा फिकट हिरवा विमानांच्या कामातून उरलेला रंग होता असं सांगतात. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर लवकरच मुंबईत माझगावला महिंद्रानं विलीजचे सुटे भाग जोडायला घेतले, त्याच वंशातली माझी गाडी. या सगळ्यांना रंग मिळाला तो कामामुळे नाहीतर टंचाईमुळे. माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं, होती फक्त चौकातली पोरं.

एवढा विचार झाल्यावर गॅरेजला गेलो. तिथे रंगाचा प्रश्न बाजूलाच पडला.

मिस्त्रीनं रंगाचं कार्ड दाखवलंच नाही. खिशातून लोहचुंबकाचा तुकडा काढून तो गाडीभोवती फिरला. मागच्या चाकावरच्या कमानीला चुंबक चिकटेना. “पत्रा हाय कुठं हितं? सगळी पुट्टी हाय, साहेब.” आधीच्या मालकानं सडलेल्या जागी पुट्टी भरून वर पांढरा मारलेला. पुट्टी सच्छिद्र असते, ओल धरते, आणि आत गंज आपलं काम चालू ठेवतो. फ्लोअरच्या कोपऱ्यात तर बोट आरपार गेलं. सडका भाग कापून नवा पत्रा वेल्ड करायचा, रेड ऑक्साइड, मग पुढचं, असं त्यानं सांगितलं. आणि रंग बदलायचा असेल तर काम तिप्पट. जीपचा आतला भाग झाकलेला नसतो. डॅशबोर्ड पत्र्याचा, फ्लोअर पत्र्याचा, बॉनेट उचललं की आत पांढरा, बिजागऱ्यांत पांढरा. वायरिंग सोडवून गाडी पार उघडी केल्याशिवाय जुना रंग जात नाही.

तो हे सांगत असताना मागच्या बाजूला एका गाडीवर फवारणी चालली होती. गन धरणारा पोरगा विशीतला असेल. तोंडाला रुमाल बांधलेला. हल्ली चकचकीत टिकाऊ रंग हवा असतो तो टू-के, म्हणजे रंग आणि हार्डनर मिसळून मारायचा. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. त्यांच्या वाफेला आणि तुषारांना रुमाल अडवत नाही. फवारणाऱ्याला बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा लागतो आणि हवा खेचणारा बंद बूथ लागतो. ते नसलं तर दमा होऊ शकतो, आणि एकदा शरीरानं हे रसायन नाकारलं की पुढे अगदी थोड्यानंही श्वास कोंडतो. अशा माणसाला तो धंदाच सोडावा लागतो. मी मिस्त्रीला मास्कचं विचारलं. “घालत न्हाईत पोरं. गरम हुतं.” खरंही असेल. पण मला कमी पैशात काम करून देणारं गॅरेज हेच होतं, आणि ते कमी पैशात का होतं ते समोर उभं होतं.

माझ्या हेव्याची किंमत कोण मोजणार, याचं उत्तर मी तोवर ‘मी’ असंच धरून चाललो होतो. पूर्ण रंगबदल म्हणजे आतबाहेर कितीतरी जास्त फवारा. तो सगळा त्या रुमालातून जाणार. चौकात पोरांनी फोटो काढावा म्हणून दुसऱ्या एका पोरानं तो श्वास घ्यायचा, हे मनाला लावून बघितलं आणि पुढे बोलता येईना. मी तिथे काही भाषण केलं नाही. करायचा अधिकारही नाही. माझ्या घरातल्या प्रत्येक रंगीत वस्तूमागे असा कुणीतरी असणारच, आणि त्यांच्याबद्दल मी कधी चौकशी केलेली नाही.

मग गाडी आहे तशीच ठेवायची का? निघताना तसंच ठरवलं होतं, आणि तसं ठरवल्यावर बरंही वाटलं. त्या बरं वाटण्याचाच संशय आला. पांढरा ठेवला की पैसे वाचतात, पोरगा वाचतो, आणि शिवाय वॉचमनचा दांडा उचललेला राहतो. त्यागाच्या नावाखाली मी माझी सोय राखत होतो. वाळवंटी रंगाच्या सोंगात फसणारा मी एकटाच. पांढऱ्या रंगाच्या सोंगात ज्याचा ऊस वाळतोय तो माणूस बांधावरून धावत येतो. दोन्ही खोटी असली तरी सारखी नाहीत. विकताना पांढरा राखलेला बरा, ‘ओरिजिनल कलर’ म्हणून चार पैसे जास्त मिळतात, हेही कुठेतरी मनात होतं.

घरी हे सगळं सांगितलं. बायकोनं भाजी निवडता निवडता ऐकलं. म्हणाली, “निळा करा. लांबनं कळेल तुम्हीच येताय म्हणून. उगं कुणी धावायचं नाही.” आमच्या भागात कुठल्या खात्याची, कुठल्या कारखान्याची जीप निळी नाही, आणि निळ्या जीपला फौजी किंवा शिकारी समजायचीही सोय नाही. दुसरा कुठलाही विचार न करता सुचलेला तो एकच रंग होता.

तेव्हा ठरलं ते असं. आधी पत्रा आणि ब्रेकच्या पायपा. त्यांचे पैसे रंगाच्या आधी. सडक्या कमानीचे आणि फ्लोअरचे फोटो काढून ठेवले आहेत, ते गाडीच्या कागदांत राहतील, उद्या घेणाऱ्याला दिसावेत म्हणून. रंग फक्त बाहेरून, आणि तो बूथ व हवेचा मुखवटा असलेल्या ठिकाणी. तिथला दर जवळजवळ दीडपट आहे. आतला डॅशबोर्ड, फ्लोअर, बिजागऱ्या पांढऱ्याच राहतील. हौशी जीपवाले याला अर्धवट काम म्हणतात आणि त्यांच्या दृष्टीनं ते आहेच. दारावरची अक्षरं पत्र्यापर्यंत घासून काढायची, हे मिस्त्रीला दोनदा सांगितलं आहे.

आरसी बुकात रंग ‘पांढरा’ आहे, तो आरटीओकडून बदलून घ्यावा लागेल. गाडीनं पंधरा वर्षं कधीच ओलांडली आहेत, त्यामुळे दर पाच वर्षांनी पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर हे असतंच. एप्रिल २०२२ मध्ये खाजगी चारचाकीचं पुनर्नोंदणी शुल्क सहाशेवरून पाच हजार झालं, तेव्हाच ही गाडी ठेवण्याचा हिशेब एकदा करून झाला होता. पावसाळी दमट हवेत रंग धुरकट बसतो, म्हणून काम दिवाळीनंतर. तोवर गळीत हंगाम सुरू झालेला असेल आणि काही दिवस गाडी पांढरीच रस्त्यावर असेल. कुणी थांबवलं तर कोपर बाहेर न काढता पहिल्याच वाक्यात सांगायचं, मी कारखान्याचा नाही.