छोट्या लाइनीची टेसनं

महाशिवरात्रीला अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या प्रतापगडावर माणसांचा लोंढा लोटतो. तिथे महादेव आहे आणि ख्वाजा उस्मान गनी हारूनींचा दर्गाही आहे; अनेक घरांचे पाय दोन्हीकडे वळतात. आज ही माणसं एसटीनं, टमटमनं, मोटारसायकलनं येतात. त्यांच्या आजोबा-पणजोबांच्या काळी लांबून यायचं तर गोंदिया-चांदाफोर्टची छोटी लाइन होती. बंगाल-नागपूर रेल्वेनं विसाव्या शतकाच्या आरंभी टाकलेले, दोन रुळांत जेमतेम अडीच फुटांचं अंतर असलेले ते रूळ. नव्वदच्या दशकात ते रुंद झाले आणि अर्जुनीचं स्थानक टिकलं.

या मार्गाला नागभीडला एक फाटा होता. भिवापूर, उमरेड करत तो नागपूरच्या इतवारीला जाई. १९०८ पासूनची ही लाइन शंभर वर्षं उलटली तरी छोटीच राहिली. शंभराहून थोड्या जास्त किलोमीटरला गाडी चार तासांहून अधिक वेळ घेई, तरी गोरगरिबांना तीच परवडे. भिवापूरची मिरची, गावची भाजी, नागपूरच्या दवाखान्यात निघालेला आजारी माणूस, कॉलेजातली पोरं, सगळे त्याच डब्यांत. २५ नोव्हेंबर २०१९ ला रूळ रुंद करायचे म्हणून ही गाडी थांबली आणि वाटेवरची लहान लहान टेसनं एका दिवसात मुकी झाली.

रूळ रुंद होणं चांगलंच. पूर्व विदर्भानं त्याची फार वर्षं वाट पाहिली आहे, आणि जुनी गाडी गेली म्हणून गळा काढत बसणं तिथल्या माणसांवर अन्याय करणारं ठरेल. मला बोचतं ते वेगळंच. छोट्या लाइनीच्या इंजिनांचं जतन झालं. नागपुरात मोतीबागेत २००२ साली नॅरोगेज संग्रहालय उभं राहिलं. तिथे पोरंबाळं डब्यांत चढून बघतात. इंजिनाला कारखान्याचा शिक्का असतो, बनल्याचं साल असतं. गावातल्या टेसनाला यातलं काय असतं? एक खोली, तिकिटाची खिडकी, पाण्याचा नळ नाही तर विहीर, कडुनिंब किंवा वडाचं एखादं झाड. जिथे मास्तरही नसे, त्या थांब्यावर कमिशनवर नेमलेला गावचाच माणूस तिकिटं विकायचा. त्याचं नाव कुठल्या संग्रहालयात शोधायचं?

आणि खरा इतिहास तर त्याच्याच जवळ होता. कोणत्या साली दुष्काळानं कोणती घरं गाव सोडून गेली, शहरात पहिली नोकरी कोणाला लागली, कुठली लेक सासरी जाताना डब्याच्या दारात रडली, धान पिकलं की बाजाराच्या दिवशी खिडकीशी किती रांग लागायची, हे त्या खिडकीतून दिसत होतं. रेल्वेच्या दप्तरात फार तर विकलेल्या तिकिटांचा हिशोब सापडेल. गावानं त्या तिकिटांवर काय काय मिळवलं आणि काय गमावलं, हे दप्तर सांगणार नाही.

बंद टेसनाची भिंत पडायला फार वर्षं लागत नाहीत. आधी कौलं जातात, मग दाराच्या चौकटी, मग पाटी. माणसांचीही तीच गत. वाफेच्या इंजिनाचा कोळसा डोळ्यात गेलेली, त्या गाडीनं वऱ्हाड नेलेली पिढी आता ऐंशीच्या घरात आहे किंवा त्याच्याही पुढे.

म्हणून पूर्व विदर्भाच्या या झाडीपट्टीतल्या शिक्षकांना आणि ग्रामपंचायतींना माझी कळकळीची विनंती आहे. तुमच्या गावाजवळ छोट्या लाइनीचं टेसन किंवा साधा थांबा होता का, ते विचारा. सातवी-आठवीच्या मुलांना वही देऊन म्हाताऱ्या माणसांकडे पाठवा. तिकिटं कोण विकायचं, गाडी किती वाजता यायची, टेसनाची जागा नेमकी कुठली, शेवटच्या गाडीत कोण कोण बसलं, एवढं लिहून घ्या आणि ती वही शाळेच्या कपाटात जपून ठेवा. याला निधी लागत नाही, मंजुरीही लागत नाही. या उन्हाळ्याच्या सुट्टीतच हे काम उरकून टाका.