दात्यानें आधीं काय द्यावें?

दात्यानें आधीं काय द्यावें? द्रव्य, असें आपण म्हणूं. परंतु द्रव्याच्याही आधीं कान द्यावा, असें एका उदाहरणावरून दिसून येतें.

सन १९९१ मध्यें ॲन कॉटन नांवाच्या ब्रिटिश बाई आफ्रिकेंतील झिंबाब्वे देशांत मोला या गांवीं गेल्या. तेथील टोंगा लोक करिबा धरणापायीं नदीकांठची आपली जमीन गमावून बसलेले. त्यांच्या मुली शाळेंत कां येत नाहींत? जुन्या रूढीमुळें, असें बाईंस सांगण्यांत आलें होतें. परंतु त्यांनीं खुद्द आईबापांसच विचारिलें, तेव्हां खरें कारण कळलें. सर्व लेंकरांची फी भरण्याचें सामर्थ्य नव्हतें. म्हणून पुढें नोकरी मिळण्याचा संभव ज्यास अधिक, त्या मुलग्यासच पाठवीत. ज्यास आपण अज्ञान म्हणतों, तो पुष्कळदां रिकाम्या हाताचा हिशेब असतो.

सन १९९३ मध्यें ३२ मुलींना साहाय्य देऊन कॅम्फेड संस्थेचें कार्य सुरू झालें. ती शाळा, पालक व गांवचे वडीलधारे यांस सोबत घेऊन चालते. सन १९९८ मध्यें शिकून निघालेल्या मुलींचें मंडळ स्थापन झालें. त्या आपल्यामागून येणाऱ्या मुलींस हात देतात. काल घेणारी ती आज देणारी झाली.

वाचकहो, दोष देऊन केलेलें दान हात भरतें, पण मान खालीं घालावयास लावतें. विचारून केलेलें दान माणसास उभें करितें. शेजाऱ्याचें मूल शाळेंत दिसलें नाहीं, तर आईबापांस नांवें ठेवण्यापूर्वीं त्यांच्या दारीं जाऊन विचारा: अडचण कोणती?