नावाची व्याप्ती आणि अनुभवाचा हक्क

राजकीय अस्मिता आधीच अस्तित्वात असते आणि भाषा तिला केवळ शब्दरूप देते, ही समजूत संकथन-सिद्धान्ताने नाकारली. एर्नेस्तो लाक्लाव आणि शांताल मूफ यांच्या १९८५ मधील 'हेजेमनी अँड सोशालिस्ट स्ट्रॅटेजी' या ग्रंथानुसार निरनिराळ्या मागण्यांची सांधणी होतानाच राजकारणातील 'आपण' घडत जातो. जो शब्द ही सांधणी साधतो तो जितक्या अधिक मागण्यांचे प्रतिनिधित्व करतो, तितका त्याचा मूळचा विशिष्ट आशय विरळ होतो. लाक्लाव यांनी पुढे अशा शब्दाला 'रिक्त चिन्हक' म्हटले. परंतु ही रिक्तता कोणाच्या अनुभवाच्या मोबदल्यात येते, हा प्रश्न केवळ चिन्हमीमांसेचा नाही. तो नैतिकही आहे.

'दलित' ही संज्ञा या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दलित पँथरच्या १९७३ मधील जाहीरनाम्याने अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी, स्त्रिया आणि राजकीय, आर्थिक वा धर्माच्या नावाने पिळले जाणारे सर्व यांना या संज्ञेत सामावून घेतले. कायद्यातील 'अनुसूचित जाती' ही एक यादी होती; पँथरचा 'दलित' हे आवाहन होते. बौद्ध झालेल्यांना केंद्रीय कायद्याने अनुसूचित जातींचा दर्जा दिला तो १९९० मध्ये; जाहीरनाम्याने ती सीमा सतरा वर्षे आधीच ओलांडली होती.

तथापि, या व्याप्तीनेच वाद निर्माण केला. जाहीरनाम्यातील मार्क्सवादी वळण राजा ढाले यांना आंबेडकरी-बौद्ध भूमिकेशी विसंगत वाटले. नामदेव ढसाळ यांचा भर सर्व शोषितांच्या एकजुटीवर होता. १९७४ मध्ये संघटना फुटली. या फुटीला इतरही कारणे असतील, पण तिच्यातील तात्त्विक पेच खरा होता. अस्पृश्यता ही शोषणाच्या अनेक प्रकारांपैकी केवळ एक ठरली, तर तिचे वेगळेपण हरवते. ती निव्वळ वेगळीच राहिली, तर तिच्याविरुद्धचा लढा एकाकी पडतो.

सिद्धान्ताची मर्यादा येथेच स्पष्ट होते. 'दलित' या शब्दाचे सामर्थ्य तो रिकामा झाल्यामुळे नव्हे, तर त्यातील मूळ जखम पुसली न गेल्यामुळे टिकले. शिवाय यादीत नाव येणे म्हणजे वाणी मिळणे नव्हे. जाहीरनाम्यात स्त्रियांचा उल्लेख असूनही १९९५ मध्ये दलित स्त्रियांना स्वतंत्र राष्ट्रीय महासंघ स्थापन करावा लागला. त्यांनी 'दलित' ही संज्ञा टाकली नाही, 'स्त्री' ही संज्ञाही टाकली नाही. दोन्ही संज्ञांच्या वतीने परस्पर बोलण्याचा इतरांचा अधिकार तेवढा प्रश्नांकित केला.

लोकशाहीत कोणत्याही सामूहिक नावाची कसोटी त्याने किती जणांना सामावले एवढ्यावरच ठरू नये. सामावल्या गेलेल्यांपैकी सर्वांत दुर्बल माणसाला त्याच नावाने त्या नावाशीच वाद घालता येतो की नाही, यावरही ती ठरली पाहिजे.