चिलखतातील स्त्री : एका खेळाची चिन्हमीमांसा

छोटे सैनिक मांडून लढण्याच्या छंदाला एच. जी. वेल्सने 1913 मध्ये ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकाने नियमबद्ध रूप दिले. त्याच्या उपशीर्षकात मुलींनाही प्रवेश आहे; मात्र ज्या अधिक हुशार असून मुलग्यांच्या खेळांत रमतात, त्यांनाच. ही सवलत की अट, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

‘वॉरहॅमर 40,000’ (1987) या ब्रिटिश खेळात तो चिन्हाच्या पातळीवर उतरतो. येथील मूर्ती साधारण 28 मिलिमीटर प्रमाणाच्या. शिरस्त्राण घातलेला योद्धा पुरुष आहे हे सांगावे लागत नाही. स्त्री मात्र ‘स्त्री’ म्हणून कोरावी लागते. म्हणूनच ‘सिस्टर्स ऑफ बॅटल’च्या जड चिलखतालाही स्तनांचा उठाव आहे, आणि 2019 च्या नव्या मूर्तींतही तो टिकला. सीमोन द बोव्हारने 1949 मध्ये स्त्रीच्या ज्या ‘अन्य’पणाचे विवेचन केले, तेच येथे साच्यातून ओतले जाते (आणि साचा हा शब्द येथे अगदी शब्दशः घ्यावा).

‘स्पेस मरीन’ पुरुषच का, यावर उत्तर मिळते : त्या विश्वाचा जैविक नियमच तसा आहे. हा युक्तिवाद मला अप्रामाणिक वाटतो. कल्पित विश्वातील निसर्ग हाही कोणाचा तरी निर्णयच असतो. 2024 मध्ये ‘कस्टोडीज’ या दलाच्या कथाभागात स्त्री-योद्धा अवतरली, तेव्हा अशा स्त्रिया तेथे प्रथमपासूनच होत्या, असे निर्मात्यांनी जाहीर केले. निर्णय बदलला, असे म्हटले नाही. मग इतकी वर्षे त्या दिसल्या का नाहीत, हे विचारावे असा कर्ताच उरत नाही.