वाट कोणाला विचारावी?

जानेवारी २०२१ मधली गोष्ट. कळसूबाईकडे निघालेली एक मोटार रात्री कोतूळहून अकोल्याच्या वाटेला लागली. मोबाइलच्या नकाशात रस्ता सरळ दिसत होता. प्रत्यक्षात त्यावरचा पूल पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्यात गेलेला. सोबतचे वाचले, चालक बुडाला. तो पूल पाण्याखाली जातो, हे गावकऱ्यांना ठाऊक होते.

उपग्रह खोटे बोलले नव्हते. चार उपग्रहांच्या संकेतांवरून यंत्र आपण कुठे आहोत हे बरोबर सांगते. पण पुढे आज पाणी आहे की रस्ता, हे उपग्रह सांगत नाही. ते काम नकाशाचे, आणि नकाशा कधीतरी कोणीतरी भरलेला असतो.

मग विश्वास ठेवणेच चूक का? आपण वारकऱ्यांनी तरी तसे म्हणू नये. दिंडीतला नवखा पुढच्याच्या पाठीकडे पाहूनच चालतो. पण तो पुढचा त्याच चिखलातून चाललेला असतो. खड्डा आला तर पाय आधी त्याचा जातो. यंत्राला बुडण्याचे भय नाही.

शिवाय माणसाला विचारायचे तर गाडी थांबवावी लागते, काच खाली करावी लागते, ‘माउली, हा रस्ता चालू आहे का?’ असे म्हणून आपले अज्ञान उघड करावे लागते. यंत्रापुढे तेवढेही वाकावे लागत नाही. मला वाटते, त्याची खरी गोडी यातच आहे.

रात्री विचारायला कोणी भेटत नाही, हे खरे. म्हणून आषाढीला गाडीने निघणाऱ्यांनी दिवस असतानाच, चहाला थांबाल तिथे, पुढच्या ओढ्यापुलाची चौकशी करून घ्यावी.